रांगेतल्या घागरी

पुण्याहून आलेल्या चित्रसंचात
एक मुलगा दात घासत होता, बेसिनशी, आरशासमोर,
आणि एक पिवळी बस होती लांब नाकाची.
बसलिंगनं ते कार्ड हुंगलं
आणि मला परत दिलं.

तो टमटमनं येतो.
समोर दिसते ती खाजाभाईची पाठ.
मी पाठीचाच फोटो घेतला.
"तोंड तरी घ्या की बाई," ते म्हणाले.
पण बसलिंगच्या ओळखीची पाठच.

मग हळूहळू सगळंच बदललं.
प्रार्थना: पत्र्याखाली जोडलेले हात,
त्यात शिवलीलाचा सहा बोटांचा.
हात धुणे: ड्रम आणि लाल मग.
जेवण: खिचडीचं पातेलं, खुतेजाबीचा पळी धरलेला हात,
दोन हिरव्या बांगड्या, एक फुटलेली.
कार्डं चिकटवायच्या खरखरीत पट्ट्या
चांभारानं जुन्या सँडलच्या काढून दिल्या, फुकट.
खाली खिळ्याला डालड्याचा डबा.
झालेलं काम सोडायचं त्यात, टण्ण.
त्या आवाजासाठी बसलिंग कधी कधी
जेवायच्या आधीच जेवण टाकून देतो डब्यात.

अडलं ते 'थांब'पाशी.
संचात त्याला घड्याळ होतं.
बसलिंगसाठी घड्याळ म्हणजे भिंतीवरचं एक गोल,
टिकटिकतं, कुणाला काही देत नाही.
वाट बघणं काढायचं कसं?
खुर्चीतला मुलगा काढला, फाडला.
उगारलेला पंजा काढला,
त्याला तो मार वाटला.

दहाव्या दिवशीचा नळ सुटायचा होता.
बायका गेल्या होत्या भाकरी टाकायला
आणि गल्लीच्या तोंडाशी नुसती भांडीच उभी:
कळशी, हंडा, तेलाचा पत्री डबा,
बूड गेलेली एक बादली, कुणाची तरी जागा धरून.
आणि घागरी, घागरी,
उदगीरच्या उन्हात, तोंड वर करून.
मी फोटो काढला.

बसलिंगनं तो पाहिला
आणि बसला.
चार मिनिटं. मी मोजली.

पालकसभेला महानंदा आली, एकटीच,
पट्टीसमोर उभी राहिली, वरून बोट ठेवत गेली,
"टमटम. चप्पल. हात जोडा. मणी ओवा. हात धुवा. खिचडी..."
शेवटच्या कार्डापर्यंत न अडखळता.
मग हळूच,
"म्या शाळेचं तोंड नाही बघितलं बाई.
हे समदं वाचलं की हो मी."
आणि मागं वळून पाहिलं, कुणी ऐकलं का.

आठवड्यानं सांगत होती,
घरी दाराच्या आत तिनंही पट्टी लावलीय.
काडेपेटीचं झाकण म्हणजे चूल.
बियाण्याच्या पिशवीवरचं सोयाबीन म्हणजे माय कामाला गेली.
शेजारणीच्या कोंबडीचं एक पीस,
ते कशासाठी, तिनं सांगितलं नाही, हसली फक्त.
आणि सगळ्यात खाली
बँकेच्या पुस्तकासाठी काढलेला तिचा फोटो, घाबरलेला.
"मी आले की त्याचा दिस सरतो."

सुगीत शाळेतलं 'थांब' हरवलं.
पट्टीवर नाही, डब्यात नाही, ड्रमच्या मागं नाही.
मी खुतेजाबीवर चिडले, उगाच.
ती म्हणाली, "मैं क्या खाती क्या उसको?"

शनिवारी महानंदानं पदराची गाठ सोडली.
आत ते कार्ड, कोपरे चावलेले.
"मळणीचं मशीन बंद पडलं हो,
यायला रात झाली.
वाटलं, डोकं आपटून घेतलं असंल लेकरानं.
तर उंबऱ्यात बसलेला.
अन् पट्टीवर, माझ्या फोटोच्या वरती,
हे लावलेलं."

मी कार्ड पाहिलं.
बादलीच्या बुडापाशी दाताचे व्रण.
तिच्या हातात परत ठेवलं.

मंगळवारी नळ येणार आहे.
सकाळी लवकर निघेन.